निशिकांतची हुर्यो

आमच्या मंडळातल्या माणसांना एक गोष्ट अजिबात जमत नाही, ती म्हणजे तोंडावर कुणाला वाईट म्हणणं. पाठीमागे म्हणतात, त्यात त्यांचा कुणी हात धरणार नाही. पण स्टेजवर कुणी उभं राहिलं की टाळ्या. गणेशोत्सवात कुणाच्या पोराने बासरीतून नुसती हवा काढली तरी टाळ्या, कुणाच्या सासऱ्यांनी तीच स्वरचित कविता तिसऱ्या वर्षी वाचली तरी टाळ्या. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, त्यामुळे या प्रत्येक प्रकाराला 'अप्रतिम' म्हणून म्हणून माझी जीभ झिजली आहे. सिंगापूरला येऊन एवढी वर्षं झाली, पण इथे मराठी माणसाने मराठी माणसाला स्टेजवरून खाली बसवल्याचं मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

आणि त्या रविवारी, तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये, याच माणसांकडून माझ्या नवऱ्याची हुर्यो उडवून घ्यायची होती.

कारण आमची कन्या. अनुया चांगली अकाउंटन्सी शिकली, बँकेत लागली, आणि एक दिवस राजीनामा देऊन घरी आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आई, मी फिल्म करणार." मी म्हटलं, कर की, शनिवार-रविवार आहेत. तर म्हणाली, तसं नाही, तेच करणार. निशिकांतने म्हणजे तिच्या वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि "वा!" म्हणाला. हा माणूस स्वतः बँकेत रिस्क डिपार्टमेंटला आहे. दिवसभर लोकांना धोके दाखवतो, आणि घरात धोका समोर येऊन बसला तर त्याला "वा" म्हणतो.

फिल्म कशावर, तर ग्लॅम रॉकवर. हे काय असतं ते अनुयाने मला दोनदा समजावलं. सत्तरच्या दशकात विलायतेतले पुरुष टिकल्यांचे कपडे घालून, वीतभर टाचेचे बूट चढवून, डोळ्यांत काजळ आणि गालांवर चमकी लावून गिटारवर ओरडत असत, आणि त्यांच्यामागे जग वेडं झालं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे संगीत नाटकात पुरुष शालू नेसून, नथ घालून गात होते, ते याच्या कितीतरी आधी, आणि सुरात. यात नवीन काय? अनुया म्हणाली, "आई, प्लीज ला." इथे वाढलेल्या मुलांच्या वाक्यांना हे 'ला' चिकटलेलंच असतं.

तिची गोष्ट मात्र बरी होती, हे कबूल करते. त्या काळी इथे पुरुषांनी केस वाढवणं सरकारला खपत नसे. पोस्टात पाट्याच असत, लांब केसवाल्यांचा नंबर शेवटी. अशा सिंगापुरात एक पोस्टातला कारकून गुपचूप केस वाढवतो, रात्रीचा 'किट कॉमेट' नावाचा चंदेरी गायक होतो, आणि एका मोठ्या कार्यक्रमात लोक त्याची अशी काही हुर्यो उडवतात की तो दुसऱ्या दिवशी केस कापून पुन्हा कामावर रुजू होतो. संपली फिल्म. म्हणजे सगळी मदार त्या हुर्योवर. तिच्याशिवाय तो केस का कापेल?

किट कॉमेटचं काम एक देखणा चिनी मुलगा करणार होता. त्याला ऐन वेळी टीव्हीवर इन्स्पेक्टरचं काम मिळालं आणि तो केस बारीक कापून आला, वर तारखाही नाहीत म्हणाला. दुसरं कुणी फुकट मिळेना. मग निशिकांत म्हणाला, "मी करू का?" वय बावन्न, डोक्यावर केस नाहीत, पोट आहे. अनुयाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, विग लावशील?" तिथून आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये जे सुरू झालं ते विचारू नका. लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून चमकी आणि टिकल्या पिशव्या भरभरून आल्या. आमटीत चमकी, अंथरुणात चमकी. बूट मिळेनात म्हणून निशिकांतच्याच जुन्या ऑफिसच्या बुटांना खालून योगासनांचे फोमचे ठोकळे चिकटवले आणि वरून चंदेरी रंग मारला. ते घालून तो लिफ्टमध्ये शिरला की शेजारी बाजूला सरकून जागा देत. माझा जांभळा शालू अनुयाने केप शिवायला मागितला. मी म्हटलं, "कर तुला काय करायचं ते." मराठी घरात याचा अर्थ 'खबरदार' असा होतो, पण सिंगापुरात वाढलेल्या मुलीला कोण सांगणार? तिने कात्री लावली.

मी गप्प बसले, कारण माझं एक ठरलं होतं. अनुयाला दुसऱ्या एका बँकेने नोकरी देऊ केली होती, आणि सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. मी एका शिपिंग कंपनीत एचआरमध्ये आहे. अशी संधी पुन्हा येत नाही हे मी रोज दहा जणांना सांगते. संध्याकाळमागून संध्याकाळ मी जेवणाच्या टेबलाशी तिच्यासमोर बसले आणि शेवटी तिच्याच तोंडून वदवून घेतलं, की रविवारपर्यंत फिल्म पूर्ण झाली नाही तर ती बँकेला हो म्हणेल. फिल्म झाली तर मी पुन्हा बँकेचं नाव काढायचं नाही. बाकीचं सगळं शूटिंग झालं होतं. फक्त हुर्यो राहिली होती. आणि त्या एका प्रसंगाला हॉल लागत होता, आणि हॉलभर माणसं.

अनुया माझीच मुलगी. तिने हेरलं की त्याच रविवारी मंडळाचं वार्षिक स्नेहभोजन आहे. हॉल आहे, दीडशे माणसं आहेत, स्टेज आहे. तिने आमच्या अध्यक्षांना, प्रकाशरावांना गाठलं. प्रकाशराव म्हणाले, "अगं, आपल्या मंडळाच्या मुलीची फिल्म! सगळे येतील. मी स्वतः पहिल्या रांगेत बसतो." मला तिथेच हसू आलं होतं. आमच्या मंडळाकडून हुर्यो! मी मनातल्या मनात अनुयाच्या ऑफिसच्या कपड्यांना इस्त्री करून ठेवली.

रविवारी हॉलवर पोचलो तर सगळ्या बायका रेशमी साड्यांत, गजरे माळून हजर. निरोप होता की सत्तरच्या दशकातले कपडे घालून या. मंडळातल्या साधनाताई म्हणाल्या, "ही साडी माझ्या आईची, सत्तर सालचीच आहे." कॅमेऱ्यावर अंकुर होता. हा मुंबईचा मुलगा, आठवडाभर कुठेतरी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीला अनुयासाठी फुकट राबतो. तो म्हणाला, "काळजी करू नका काकू, अंधार करतो, साड्या दिसणार नाहीत."

स्टेजवर धूर सोडला. जांभळा केप, चंदेरी पँट, खांद्यापर्यंत लाल विग, गालावर चमकीची वीज. ठोकळ्यांच्या बुटांवरून तोल सांभाळत निशिकांत धुरातून बाहेर आला. खरं सांगते, मी तोंडावर पदर धरला. गाणं अनुयाने लिहिलेलं, इंग्रजी, 'मी आरशांचा बनलोय' अशा काहीतरी अर्थाचं. निशिकांतने ते मन लावून म्हटलं. दुसऱ्या कडव्यात त्याच्याकडून एक तान गेली, पण ती त्याच्याकडून 'हॅपी बर्थडे' म्हणतानासुद्धा जाते.

गाणं संपलं. अनुयाने हात वर केला. हीच खूण ठरली होती, हात वर केला की ओरडायचं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. प्रकाशराव उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "वन्स मोअर!" मागून आणखी पाच-सहा आवाज आले, "वन्स मोअर!" आणि निशिकांत, ज्याच्या नाटकवेड्या घराण्यात वन्स मोअर म्हणजे देवाची आज्ञा, त्याने वाकून नमस्कार केला आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. अंकुरने कॅमेरा बंद केला नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "बरं दिसलं नसतं काकू."

अनुयाने माईक घेतला. "काका, काकू, थँक यू सो मच. पण या सीनमध्ये तुम्हाला तो आवडलेला नाही. तुम्ही बू करायचं आहे. ओके?"

"बू म्हणजे हुर्यो," प्रकाशरावांनी मागे वळून खुलासा केला. "आपल्या निशिकांतची हुर्यो उडवायची आहे. मनावर घेऊ नका कुणी, नाटकातलं आहे."

दुसऱ्या खेपेला बू आलं, पण असं की संध्याकाळी गोठ्यात म्हशी अधूनमधून रेकतात ना, तसं. मध्ये मध्ये हसू. आणि ते ओसरायच्या आत साधनाताईंचा आवाज तिसऱ्या रांगेतून खणखणीत आला, "निशिकांत, मनावर नको हं घेऊस! छान गातोयस!" तो स्टेजवरून म्हणाला, "थँक यू, साधनाताई."

"कट," अनुया म्हणाली.

मग आमच्यात जे होतं तेच झालं. प्रकाशरावांनी एक समिती नेमली. हुर्यो समिती. तीन जण उठून कोपऱ्यात गेले, चर्चा झाली, आणि ठरलं की डावीकडच्यांनी आधी 'हुर्यो' म्हणायचं, मग उजवीकडच्यांनी 'बू', म्हणजे दोन्ही भाषांना न्याय. तिसऱ्या खेपेला ते इतकं सुरेख, इतकं तालात झालं की मागच्या बायकांनी नकळत टाळीचा ठेका धरला. आरतीच्या वेळी धरतात तोच. निशिकांतचा पायही त्या ठेक्यावर हलायला लागला.

अनुया आता घामाने भिजली होती. म्हणाली, "प्लीज, तुमच्या मनात कुणीतरी असेल ना ज्याचा तुम्हाला खूप राग येतो? त्याला इमॅजिन करा. बाबाला त्याच्या जागी बघा." चौथ्या खेपेला आपल्या सोसायटीच्या कारभाराला वैतागलेल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून "कॉन्डो मॅनेजमेंट मुर्दाबाद!" अशी आरोळी ठोकली आणि सगळा हॉल हसून लोळला.

एव्हाना केटरर आला होता. हॉलच्या मागच्या भिंतीशी टेबलं लागली आणि मसालेभाताचा वास पुढच्या रांगेपर्यंत पोचला. माना मागे वळायला लागल्या. तासाभरात हॉल झुंबाच्या वर्गाला द्यायचा होता. अनुया म्हणाली, "पाच मिनिटं ब्रेक," आणि पडद्यामागे गेली.

मी तिच्या मागे गेले. म्हणजे समजूत घालायला गेले. काय बोलायचं तेही ठरलं होतं: प्रयत्न तर केलास, बँकेतही रजा मिळतात, छंद म्हणून करता येतं. ती केबलच्या गुंडाळीवर बसून फोनवर काहीतरी लिहीत होती. डोळे कोरडे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बँकेची मेल लिहिते आहे. यू विन, आई."

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते आणि सगळं सुरळीत झालं असतं. साधं म्हणाली. हॉटेलात बिल आणा म्हणतात तसं. मी जिंकले होते. आणि मला असा संताप आला, असा संताप, की तो नक्की कुणावर काढावा ते कळेना. अनुयावर म्हणावं तर तिने काय केलं होतं? निशिकांतवर म्हणावं तर तो बाहेर ठोकळ्यांवर उभा राहून पाणी पीत होता. मग पडद्याच्या फटीतून मला ती दीडशे गोड, सुस्वभावी, कुणाचं मन न दुखवणारी माणसं दिसली. दर वर्षी मी यांच्या पोरांना 'अप्रतिम' म्हणायचं, आणि माझ्या पोरीसाठी यांना एकदा खोटं खोटं वाईट वागता येऊ नये?

आता या माणसांना खऱ्या अर्थाने चिडवेल अशी एकच गोष्ट जगात आहे, आणि ती मला जितकी ठाऊक आहे तितकी कुणालाच नसेल. सूत्रसंचालिका आहे मी त्यांची.

मी अंकुरकडे गेले. "कॅमेरा चालू कर. दिवे, धूर, सगळं तसंच. मी सांगेपर्यंत कट म्हणायचं नाही, कुणी काही बोललं तरी."

"काकू, गाणं लावू का?"

"काही लावू नकोस. गाणं नंतर चिकटव."

निशिकांतला म्हटलं, "तुला आभार मानायचेत."

"आत्ता? या कपड्यात?"

"या कपड्यात. सगळ्यांचे, नाव घेऊन. कुणाला विसरू नकोस, वाईट दिसतं."

त्याने मान हलवली. रिस्कवाल्या माणसाला कुणी सुटता कामा नये हे सांगावं लागत नाही. मी माईक हातात घेतला आणि माझा सणासुदीचा आवाज लावला.

"नमस्कार मंडळी. शूटिंग इथे संपलं." टाळ्या. "जेवण तयार आहे. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि गरमागरम जिलब्या." आणखी टाळ्या, दोन शिट्ट्या, खुर्च्या सरकल्याचा आवाज. "कृपया बसून घ्या. आपल्या परंपरेप्रमाणे पंगतीआधी आभारप्रदर्शन होईल. निशिकांत आपल्या सर्वांचे वैयक्तिक आभार मानतील. त्यानंतर अध्यक्षांचं समारोपाचं मनोगत. त्यानंतरच बुफेची झाकणं उघडतील."

सरकलेल्या खुर्च्या परत जागेवर आल्या. कुणीतरी दीर्घ श्वास सोडला.

निशिकांतने माईक स्टँडवर नीट बसवला, विग सारखा केला आणि म्हणाला, "सर्वप्रथम." पुढे तो हॉलच्या व्यवस्थापकांपासून सुरू झाला. मग त्यांच्या सहायकांवर आला. मग झुंबाच्या वर्गाने वेळेबाबत दाखवलेल्या समजूतदारपणाबद्दल, ज्यांनी अजून काहीच दाखवलेलं नव्हतं. मग ज्यांनी फायर एक्झिट कुठे आहेत ते सकाळी दाखवलं त्यांचे, आणि ओघाओघात फायर एक्झिट कुठे आहेत तेही. चंदेरी पँट, गालावर वीज, धूर, आणि "त्यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य झालं नसतं."

पहिल्यांदा चुळबूळ झाली. मग कुणीतरी घसा खाकरला. मागून एका मुलाने विचारलं, "अंकल, कॅन ईट ऑलरेडी ऑर नॉट?" त्याच्या आईने त्याला गप्प केलं नाही, हे मी टिपलं. निशिकांत मंडळाच्या माजी अध्यक्षांवर आला होता आणि कालक्रमाने चालला होता.

"पुरे!" एक आवाज आला.

"जेवू द्या!"

"अहो, आटपा!"

आणि मग साधनाताई उठल्या. गजरा माळलेल्या, आईची सत्तर सालची साडी नेसलेल्या साधनाताई, ज्यांनी आयुष्यात मुंगीला वाईट म्हटलं नसेल. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि असा काही सूर लावला की माझ्या अंगावर काटा आला. "ए! बस की खाली! जिलब्या गार होतायत!"

धरण फुटलं. "हुर्यो!" "बू!" "बास! बास! बास!" समितीने ठरवलेली डावी-उजवी बाजू कुणाच्या लक्षात राहिली नाही. माणसं खुर्च्यांवर चढली. पोरं पाय आपटायला लागली. प्रकाशरावांना स्वतःचं मनोगत धोक्यात दिसलं असावं, ते उभे राहून सगळ्यांना "शांत! शांत!" म्हणून ओरडत होते, आणि त्याने गोंधळ दुप्पट झाला. कुठून तरी एक कागदी ताटली भिरभिरत आली आणि निशिकांतच्या खांद्याला लागून पडली. पडद्यामागून अनुया धावत आली, दुसरा कॅमेरा उचलून थेट स्टेजच्या पायथ्याशी जाऊन गुडघ्यावर बसली. मी अंकुरच्या शेजारी उभी होते आणि मीही ओरडत होते. लाज कशाला, मला मजा येत होती. "उतर खाली!" मी ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर यासाठी वेगळा सराव लागत नाही.

निशिकांतचे ओठ हलत राहिले, मग थांबले. त्याने मान वर केली आणि गर्दीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू. मग माईक सोडून, ठोकळ्यांवर डुगडुगत, धुरात निघून गेला. अगदी अनुयाने लिहिलं होतं तसाच.

"कट!" मी म्हटलं. "झाकणं उघडा!"

दोन मिनिटांत हॉलभर पुन्हा गोड माणसं. साधनाताई ताट घेऊन माझ्यापाशी आल्या. "निशिकांत कुठाय गं? काय सुंदर गायला! अप्रतिम!"

अनुयाने मला ओढत कॅमेऱ्याच्या पडद्याशी नेलं. "आई, लूक. लूक अ‍ॅट हिज फेस." तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "माईकवाला ट्रॅक वेगळा आलाय, बाबाचा आवाज क्लिअर आहे. फिल्ममध्ये वापरणार नाही, पण ऐक."

पडद्यावर निशिकांतचा चेहरा, जवळून. मागची आरडाओरड दूर गेल्यासारखी, आणि त्याचा तो सावकाश, ऑफिसमध्ये सूचना देतात तसा आवाज. माजी अध्यक्ष संपले होते. म्हणजे ते धरण फुटलं होतं तेव्हा तो इथे पोचला होता.

"आणि शेवटी माझी पत्नी सुलेखा. तिला ही फिल्म नको आहे. तिची काळजी मला समजते, माझं कामच ते आहे. पण रोज शूटिंगला निघताना माझ्या डोळ्यांत काजळ तीच घालते. मला जमत नाही, हात हलतो. ती माझी हनुवटी धरते आणि म्हणते, हलू नकोस, पोरीच्या फिल्मचं वाटोळं होईल. तर तिचे..."

इथे ताटली लागली. आवाज थांबला. पडद्यावर त्याने मान वर केली. मघाशी मला वाटलं होतं तो गर्दीकडे बघतोय. गर्दीकडे नव्हता बघत. रांगेमागून रांग तो मला शोधत होता. आणि मी कॅमेऱ्यामागे, अंधारात, तोंडाशी हात धरून त्याला उतर खाली म्हणत होते.

काजळाचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आपला नवरा चारचौघांत जाणार तर त्याची रेघ सरळ असावी एवढंच माझं म्हणणं. पण तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं ते आलंच, आणि अंकुर बिचारा दुसरीकडे बघायला लागला.

"आई?" अनुया म्हणाली. "आर यू ओके?"

"मेल पाठवलीस?"

"नाही. जेवल्यावर पाठवणार होते."

"आण इकडे." मी तिचा फोन घेतला, तिने लिहिलेलं सगळं खोडलं आणि नवी मेल लिहिली. चार ओळींची, नम्र, दार बंद करणारी पण न आपटणारी. नकार कसा लिहावा हे मला उत्तम येतं. आयुष्यभर उमेदवारांनी मला पाठवलेले वाचत आले आहे. फोन तिच्या हातात परत दिला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"पण तुला तर..."

"फिल्म झाली ना? ठरलं म्हणजे ठरलं. बटण तू दाब. मी नाही दाबणार."

तिने दाबलं. मग ती मला जी बिलगली, त्यात माझ्या साडीला चमकी लागली ती अजून निघालेली नाही.

दोन ताटं वाढून घेऊन मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. निशिकांत बाकावर बसला होता. विग मांडीवर, एक बूट निघालेला, दुसरा घामाने पायाला चिकटलेला. काजळ गालापर्यंत ओघळलं होतं.

"खा," मी म्हटलं.

"भूक नाही." त्याने ताटाकडे बघितलं. "माझं फार लांबलं का गं?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. पडद्यामागचं, अंकुरचं, झाकणांचं. तो ऐकत होता. मध्येच त्याने एक जिलबी उचलली.

"म्हणजे तू हे ठरवून केलंस?"

"ठरवून."

"शॉट मिळाला?"

"असा मिळालाय की बघत राहशील. आणि अनुयाने बँकेला नकार कळवला. मेल मी लिहिली."

तो जिलबी चघळत राहिला. हसला. चिकटलेल्या बुटाची लेस सोडवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "चांगलं झालं. पण त्या गोंधळात माझं शेवटचं कुणालाच ऐकू नाही आलं."

मी खाली बसले आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन बूट ओढायला लागले.

"मला आलं," मी म्हटलं.